पर्यटक व्हिसावर माहितीपट : एका परदेशी चित्रीकरणाचे प्रकरण

या नोंदीविषयी

या प्रकरणातील दिग्दर्शिका स्वतंत्रपणे माहितीपट करते. तिच्यामागे वाहिनी नाही. निर्मितीसंस्था म्हणजे तिनेच नोंदवलेली एक छोटी कंपनी. मोठ्या संस्थांत विधी सल्लागार, विमा विभाग, सुरक्षा कक्ष जी कामे करतात, ती सगळी तिच्याकडे एका वहीत आणि एका मोबाइल फोनमध्ये मावलेली होती. मी माहितीपटांच्या निर्मिती-व्यवस्थापनाचे काम करतो. घटनेनंतर सुमारे वर्षभराने तिच्याशी दोनदा, तिच्या साउंड रेकॉर्डिस्टशी एकदा आणि स्थानिक समन्वयकाशी एकदा सविस्तर बोलून ही नोंद तयार केली आहे. समन्वयकाने मसुदा वाचून दोन तपशील काढायला सांगितले. ते काढले आहेत, आणि त्यामुळे एका ठिकाणी कथन थोडे तुटक वाटेल. देशांची नावे दिलेली नाहीत. चित्रपटाचा विषय असलेली नदी एका देशातून दुसऱ्या देशात वाहत येते, म्हणून सोयीसाठी त्यांना वरचा देश आणि खालचा देश म्हटले आहे.

पार्श्वभूमी

विषय नावाड्यांचा होता. वरच्या देशात नदीवरचा मोठा पूल बांधून होत आला होता आणि तो खुला झाला की तिथली नावांची वाहतूक बंद होणार होती. खालच्या देशात असाच पूल काही वर्षांपूर्वी झाला होता आणि तिथले जुने नावाडी आता मिळेल ती मजुरी करत होते. खाली जे घडून गेले तेच वर घडताना पाहायचे, अशी चित्रपटाची रचना होती. त्यामुळे वरच्या देशातला नावेचा शेवटचा दिवस हा केवळ एक प्रसंग नव्हता. सगळा चित्रपट त्या दिवसाकडे जाणार होता.

चित्रीकरण २४ दिवसांचे ठरले होते, त्यापैकी १५ दिवस खालच्या देशात आणि ९ वरच्या देशात. माणसे दोनच : कॅमेरा आणि दिग्दर्शन तिच्याकडे, ध्वनी रेकॉर्डिस्टकडे. प्रत्येक देशात एक स्थानिक समन्वयक, ज्याला या व्यवसायात फिक्सर म्हणतात. वरच्या देशातला समन्वयक मुळात परवानाधारक पर्यटक मार्गदर्शक होता. नदीकाठच्या वस्त्यांत त्याची ओळख होती आणि चित्रीकरणाचे काम तो अधूनमधून करीत असे.

तयारी चोख होती, हे आधी सांगायला हवे, कारण पुढे जे घडले ते निष्काळजी माणसाच्या हातून घडलेले नाही. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तिने १४.४ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-तासांच्या, म्हणजे सुमारे ९८ वॅट-तासांच्या घेतल्या होत्या. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते. सुट्या बॅटऱ्या तिने टोकांवर चिकटपट्टी लावून हातातल्या सामानात ठेवल्या होत्या. ड्रोन तिने नेलाच नाही, कारण मोरोक्कोसारखे काही देश तो प्रवेशाच्या वेळीच काढून घेतात आणि वरच्या देशाचे नियमही तिला स्पष्ट वाटत नव्हते. दोन्ही देशांत वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे दिव्यांचे लुकलुकणे चित्रात येऊ नये म्हणून शटर १/५० वर ठेवायचे, इतके बारकावे वहीत लिहिलेले होते.

साहित्यासाठी तिने एटीए कार्ने काढला होता. ज्यांना हा कागद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : व्यावसायिक उपकरणे, व्यापारी नमुने किंवा प्रदर्शनातील वस्तू तात्पुरत्या परदेशी नेताना प्रत्येक सीमेवर आयातशुल्क किंवा अनामत भरावी लागू नये, यासाठी ही पुस्तिका असते. १९६१ च्या ब्रुसेल्स कराराने ही पद्धत सुरू झाली आणि १९९० च्या इस्तंबूल करारात ती पुढे चालू राहिली. आपल्या देशातील अधिकृत व्यापारी मंडळ हमी घेऊन पुस्तिका देते, ती जास्तीत जास्त वर्षभर चालते, आणि तीत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांकासह उल्लेख असतो. आत येताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा सीमाशुल्क अधिकाऱ्याचा शिक्का घ्यावा लागतो. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल, तर वस्तू त्या देशातच राहिली असे समजून पुढे शुल्काची मागणी येऊ शकते. खालच्या देशात येताना पुस्तिकेवर रीतसर शिक्का बसला. पहिले १५ दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले.

समस्या

वरच्या देशात चित्रीकरणासाठी माध्यम-व्हिसा आवश्यक होता. त्यासाठी चित्रीकरणाच्या ठिकाणांची यादी, मुलाखत द्यायच्या व्यक्तींची नावे आणि काम सोपवणाऱ्या संस्थेचे पत्र मागितले जात होते. मंजुरीला सहा ते आठ आठवडे लागत आणि चित्रीकरणाच्या वेळी एक सरकारी अधिकारी सोबत राही. यातल्या तिसऱ्या अटीवर स्वतंत्र दिग्दर्शक नेहमी अडतो. वाहिनीच्या प्रतिनिधीकडे वाहिनीचे पत्र असते; जो चित्रपट पूर्ण झाल्यावर विकला जाणार आहे, त्याच्यासाठी पत्र कोण देणार? तिला एका निधीसंस्थेने पहिला हप्ता मंजूर केला होता आणि त्या संस्थेचे पत्र चालेल असे दूतावासाने तोंडी सांगितले होते, पण पत्र हाती आले तेव्हा प्रवासाला पाच आठवडे उरले होते. तिने अर्ज केला. पूल खुला व्हायला अजून अवकाश असल्यामुळे गरज पडल्यास वरच्या देशातले चित्रीकरण पुढे ढकलता येईल, असा तिचा हिशेब होता.

खालच्या देशातल्या अकराव्या दिवशी समन्वयकाचा निरोप आला की पुलाचे उद्घाटन तीन आठवडे अलीकडे आणले आहे. माध्यम-व्हिसाचा अर्ज प्रलंबित होता. पर्यटक व्हिसा मात्र अर्ज केल्यावर तीन दिवसांत मिळत होता.

समोर असलेले पर्याय

तिच्या वहीत त्या रात्री चार पर्याय लिहिलेले आहेत. पहिला, माध्यम-व्हिसाची वाट पाहायची आणि नावेचा शेवटचा दिवस गमवायचा. दुसरा, पर्यटक व्हिसावर लहान कॅमेरा घेऊन एकटीने जायचे. तिसरा, वरच्या देशातच राहणाऱ्या एखाद्या छायाचित्रणकाराला काम द्यायचे आणि आपण खालच्या देशात थांबून फोनवरून दिग्दर्शन करायचे. चौथा, चित्रपटाची रचनाच बदलायची आणि तो फक्त खालच्या देशापुरता ठेवायचा.

तिसऱ्या पर्यायापुढे तिने लिहिले आहे : नजर माझी राहणार नाही. हे कारण कोणत्याही दिग्दर्शकाला पटेल आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. त्या पर्यायाची खरी तपासणी झालीच नाही. एकाही छायाचित्रणकाराला फोन केला गेला नाही. दुसऱ्या पर्यायापुढे मात्र धोके लिहिलेले आहेत : कॅमेरा जप्त होईल, मला परत पाठवतील, पुन्हा व्हिसा मिळणार नाही. तिन्ही धोके तिचे स्वतःचे आहेत. समन्वयकाचे काय होईल, मुलाखत देणाऱ्यांचे काय होईल, यावर त्या पानावर एकही ओळ नाही. तिनेच मला हे पान दाखवले आणि तिनेच हे लक्षात आणून दिले.

पर्यटकाने कॅमेरा वापरणे हा अर्थातच गुन्हा नव्हे. परंतु सार्वजनिक प्रदर्शनासाठी केलेले चित्रीकरण बऱ्याच देशांत काम समजले जाते, मग त्याचा मोबदला त्या देशात मिळो वा न मिळो. नियम इथे धूसर आहे असे म्हणून अनेक जण पुढे जातात. माझ्या मते तिच्या बाबतीत धूसर असे काही नव्हते, कारण त्याच देशाच्या दूतावासात याच चित्रपटासाठी तिचा माध्यम-व्हिसाचा अर्ज पडून होता. आपण कशासाठी येत आहोत हे तिने त्यांना लेखी कळवले होते.

घेतलेले निर्णय

तिने दुसरा पर्याय निवडला. मुख्य कॅमेरा, दिवे आणि ट्रायपॉड यांच्यासह रेकॉर्डिस्ट खालच्या देशातच थांबला. तिने एक छोटा कॅमेरा, दोन लेन्स, एक ध्वनिमुद्रक आणि किरकोळ साहित्य अशा सात वस्तू घेतल्या. या सातही वस्तू कार्नेच्या यादीत होत्या.

जमिनीवरच्या सीमेवरील चौकीत खालच्या देशाच्या अधिकाऱ्याने कार्नेवर शिक्का देण्यास नकार दिला. त्यात त्याचे चुकले नव्हते. प्रत्येक सीमाशुल्क चौकीला कार्ने हाताळण्याचा अधिकार नसतो, आणि अधिकार असलेली जवळची चौकी गाठायची तर एक पूर्ण दिवस गेला असता. नऊ दिवसांनी याच वस्तू घेऊन आपण याच चौकीने परत येणार आहोत, तेव्हा शिक्का नसल्याने काही बिघडत नाही, असे तिने ठरवले. त्या क्षणी उपलब्ध माहितीवर हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. चूक त्याच्या शेजारी होती. साहित्य जिथे जाईल तिथे पुस्तिका सोबत हवी, या तिच्या पक्क्या सवयीने तिने मूळ पुस्तिका पाठीवरच्या पिशवीत ठेवली आणि तशीच सीमा ओलांडली. पासपोर्टमध्ये पर्यटक असा व्हिसा, आणि पिशवीत हिरव्या मुखपृष्ठाची पुस्तिका, जिच्यात तिचे नाव, तिच्या चित्रपट-कंपनीचे नाव आणि वस्तूंचा हेतू ‘व्यावसायिक उपकरणे’ असा छापलेला. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे होते. एकत्र वाचले की त्यांतला एक खोटा पडत होता. ते दोन्ही एका टेबलावर शेजारी ठेवून पाहण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

पहिले तीन दिवस चांगले गेले. चार मुलाखती झाल्या, त्यांतल्या दोन नावाड्यांच्या आणि दोन अशा मजुरांच्या, ज्यांची जमीन पुलाच्या जोडरस्त्यात गेली होती आणि ज्यांना भरपाई मिळाली नव्हती. चौघेही मोकळेपणाने बोलले, चेहरे स्पष्ट दिसत होते. समन्वयकाने सुरुवातीलाच एक अट घातली होती की संमतिपत्रावर कोणाची सही घ्यायची नाही. संमती कॅमेऱ्यासमोर तोंडी, आणि नाव फक्त हाक मारण्याचे. ती यावर नाराज होती, कारण चित्रपट विकत घेणाऱ्या संस्था आणि विमा कंपन्या लेखी संमतिपत्रे मागतात. तिने ते मान्य केले, तेही वाद टाळण्यासाठी. पुढचे सगळे पाहता, चौघांची नावे आणि पत्ते कोणत्याही कागदावर नव्हते याला कारण समन्वयकाची ही अट.

रोजचे चित्रीकरण रात्री एका २ टेराबाइटच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवले जाई. एरवी ती तीन प्रती ठेवते, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दूर कुठेतरी. इथे दूरची प्रत शक्य नव्हती. तिचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण करत होता, म्हणजे तासाभराचे ४५ गिगाबाइट; निवासातल्या इंटरनेटवरून सेकंदाला जेमतेम ५ मेगाबिट वर चढत होते, म्हणजे तासाभराचे चित्रण पाठवायला २० तास. दुसरी डिस्क ओझे नको म्हणून रेकॉर्डिस्टकडे राहिली होती. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, नव्हती, कारण समन्वयकाच्या जुन्या लॅपटॉपवर बोलीभाषेतल्या मुलाखतींचे भाषांतर चालू होते आणि त्यावर एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडत नव्हती.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी दुपारी नावेतून काठाकडे येताना तिने पुलाच्या खांबांचे दृश्य घेतले. पूल, धरणे, बंदरे, रेल्वेमार्ग यांच्या चित्रीकरणाला अनेक देशांत मनाई असते आणि इथे तसा फलकही होता, मात्र तो रस्त्याच्या बाजूला. नदीच्या बाजूने दिसत नव्हता. काठावर सुरक्षारक्षकाने दोघांना थांबवले आणि जवळच्या ठाण्यावर नेले.

ठाण्यावर तिच्याशी सौजन्याने वागले गेले, हे ती वारंवार सांगते. तिला खुर्ची दिली, पाणी दिले. समन्वयकाला दुसऱ्या खोलीत नेले. आपण हौशी छायाचित्रकार असून प्रवासाला आलो आहोत, असे तिने सांगितले. काही वेळाने पिशवी तपासली गेली आणि पुस्तिका बाहेर आली. अधिकाऱ्याने ती पानापानाने वाचली, मग पासपोर्ट उघडून शेजारी ठेवला.

दोघांनी कधीही ठरवले नव्हते की विचारणा झाली तर काय सांगायचे. ती पर्यटक असल्याचे समन्वयक शेजारच्या खोलीत सांगत राहिला, आणि तो हे सांगत असतानाच इकडे तिने चित्रपटाचे कबूल केले. तिचे कबूल करणे योग्य होते, पण त्या क्षणापासून खोटे बोलणारा म्हणून नोंद झाली ती फक्त त्याची.

दुसरी गोष्ट फोनमुळे घडली. रोज रात्री आठ वाजता रेकॉर्डिस्टला खुशालीचा निरोप पाठवायचा असा नियम त्यांनी केला होता. नियम चांगला होता, पण निरोप आला नाही तर पुढे काय करायचे हे ठरलेले नव्हते. कोणाला कळवायचे, किती वेळाने, काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, यातले काहीच नाही. नऊ वाजता काळजीपोटी रेकॉर्डिस्टने तिला संदेश पाठवला : आजचे फूटेज कॉपी झाले का, आणि तू ठीक आहेस ना? फोन अधिकाऱ्याच्या टेबलावर होता आणि संदेश कुलूपबंद पडद्यावरही पूर्ण दिसत होता. अधिकाऱ्याने अनुवादाचे ॲप लावून तो वाचला आणि विचारले की कॉपी कुठे आहे.

तिने दूतावासाशी संपर्क मागितला. परदेशी नागरिकाला अटक झाली किंवा अन्य रीतीने अडकवून ठेवले, तर त्याच्या विनंतीवरून त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला विनाविलंब कळवले पाहिजे आणि हा अधिकार त्याला सांगितला पाहिजे, असे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ सांगते. तुम्हाला अटक झालेली नाही, फक्त विचारपूस चालू आहे, असे उत्तर तिला मिळाले. व्यवहारात असेच घडते. शिवाय दूतावास कोणाची सुटका करू शकत नाही. तो वकिलांची यादी देतो, घरी कळवतो, भेटायला येतो. समन्वयक त्याच देशाचा नागरिक होता, त्यामुळे त्याला हे कलम लागूच नव्हते.

पाच तासांनी दोघांना सोडले. कॅमेऱ्यातली दोन्ही कार्डे ठेवून घेतली. त्यांवर त्या दिवसाची फक्त नदीची दृश्ये होती. पासपोर्ट ठेवून घेतला. उद्या सकाळी निवासावर येऊन बाकीचे साहित्य पाहू, असे सांगण्यात आले.

ती रात्र

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय इथला आहे. डिस्क निवासावर होती आणि तीत चार माणसांचे चेहरे होते. डिस्क स्वतः देऊन टाकणे म्हणजे ती माणसे देऊन टाकणे होते. कोणाकडे तरी लपवायला देणे म्हणजे धोका पाचव्या माणसाकडे सरकवणे; समन्वयकाने एक नाव सुचवले आणि लगेच मागे घेतले. लॅपटॉपची अंतर्गत डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती, तेव्हा मुलाखती तिच्यावर हलवता आल्या असत्या. पण एन्क्रिप्शन हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या डिस्कला वाचवते. समोर बसून पासवर्ड मागणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ते अपुरे पडते. पासवर्ड देण्यास नकार देणे हा काही देशांत स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो; ब्रिटनमध्ये २००० सालच्या कायद्याने तशी तरतूद आहे. उरला पर्याय पुसून टाकण्याचा.

तिने समन्वयकाला विचारले. आधीच्या दिवसांत घेतलेल्या कोणत्याही मोठ्या निर्णयात तिने त्याला असे विचारले नव्हते. त्याने एका शब्दात सांगितले : पुसा.

फाइली नुसत्या डिलीट केल्याने त्या नाहीशा होत नाहीत, फक्त जागा मोकळी असल्याची नोंद होते. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर संपूर्ण जागा नव्याने लिहून काढली की आधीचे परत मिळत नाही; सॉलिड स्टेट डिस्कवर मात्र असे केल्याने सगळे खरोखर गेले याची खात्री देता येत नाही. तिची डिस्क फिरती होती. सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट या वेगाने २ टेराबाइट लिहायला साडेपाच तास लागले. ती रात्र दोघांनी डिस्कच्या लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर बसून काढली. एवढ्या वेळात आपण काय बोललो हे दोघांनाही आठवत नाही.

पुढे तिने ज्या वकिलाचा सल्ला घेतला, त्यांचे मत असे होते की विचारपूस सुरू झाल्यानंतर डिस्क पुसणे हे पुरावा नष्ट करणे ठरू शकले असते आणि त्या संपूर्ण प्रवासातले कायद्याच्या दृष्टीने सर्वांत घातक कृत्य तेच होते. हे मत बरोबर आहे. तरीही त्या रात्री दुसरे काय करायला हवे होते, याचे उत्तर माझ्याकडे नाही. प्रश्न त्या रात्री सोडवण्यासारखा उरलेलाच नव्हता.

परिणाम

सकाळी अधिकाऱ्यांनी साहित्य पाहिले, रिकामी डिस्क परत दिली, कार्डे परत दिली नाहीत. व्हिसाच्या अटींचा भंग केल्याबद्दल दंड झाला आणि ४८ तासांत देश सोडण्यास सांगितले गेले, तेही विमानाने. जमिनीवरच्या सीमेने परत जाण्याची मुभा मिळाली नाही. नावेचा शेवटचा दिवस त्यानंतर पाच दिवसांनी आला.

विमानाने थेट घरी परतल्यामुळे कार्नेचा हिशेब बिघडला. सात वस्तू खालच्या देशात आल्याची नोंद होती, बाहेर गेल्याची नव्हती. मूळ पुस्तिका तिच्याजवळ असल्यामुळे रेकॉर्डिस्टला उरलेले साहित्यही बाहेर काढता येईना. पुस्तिका कुरिअरने त्याच्याकडे पोचेपर्यंत तो सहा दिवस थांबला. सुदैवाने तिचा प्रतिनिधी म्हणून त्याचे नाव पुस्तिकेत आधीच घातलेले होते; ते नसते तर गुंता आणखी वाढला असता. काही महिन्यांनी सात वस्तूंवरील शुल्काची मागणी आली. तोवर तिने व्यापारी मंडळाच्या सल्ल्याने आपल्या देशातील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून वस्तू तपासून, अनुक्रमांक जुळवून, त्या मायदेशी परतल्याचे स्थान-प्रमाणपत्र घेऊन ठेवले होते. त्या आधारे मागणी मिटली, थोडे नियमन शुल्क भरावे लागले.

समन्वयकाला पुढच्या तीन महिन्यांत आणखी दोनदा बोलावले गेले. त्याचा मार्गदर्शकाचा परवाना नूतनीकरणाला आला होता; तो रोखून धरला गेला आणि एक संपूर्ण हंगाम त्याला काम करता आले नाही. दिग्दर्शिकेने त्याला ठरलेल्या नऊ दिवसांचे मानधन दिले आणि नंतर काही रक्कम आणखी पाठवली, पण करारात अशा प्रसंगाचा उल्लेख नव्हता. मुळात करारच नव्हता, निरोपांच्या देवाणघेवाणीवर काम ठरले होते. प्रवासविमा दोघांचा होता, दिग्दर्शिकेचा आणि रेकॉर्डिस्टचा. मुलाखत दिलेल्या चौघांपर्यंत कोणीही पोचले नाही, अशी समन्वयकाची माहिती आहे.

चित्रपट पूर्ण झाला. वरच्या देशातले एकही दृश्य त्यात नाही. पूल खुला झाल्याची बातमी खालच्या देशातला एक जुना नावाडी रेडिओवर ऐकतो आणि काही न बोलता जाळे विणत राहतो, असा शेवट आहे. हे दृश्य रेकॉर्डिस्टने, पुस्तिकेची वाट पाहत अडकून पडलेला असताना, मुख्य कॅमेऱ्यावर स्वतः घेतले. पाहणाऱ्यांना ते मुद्दाम रचलेले वाटते.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट तिसऱ्या पर्यायाची. वरच्या देशातील छायाचित्रणकाराला रीतसर काम दिले असते, तर तो आपल्याच देशात, आपल्या परवानग्यांनी, नावेचा शेवटचा दिवस टिपू शकला असता. स्थानिक माणसाला धोका नसतो असे नाही. कधी तो परदेशी माणसापेक्षा अधिक असतो, आणि म्हणूनच त्याचा होकार त्याला सगळे सांगून घ्यावा लागतो. पण निदान दोन कागदांतली विसंगती तरी त्यात नव्हती. नजर आपली राहणार नाही हा आक्षेप खरा आहे. मात्र शेवटी चित्रपटाचा शेवटचा प्रसंग दुसऱ्याच माणसाच्या नजरेने टिपला गेला आणि तो चित्रपटात शोभून दिसतो, हे तिनेच हसत मान्य केले.

दुसरी गोष्ट मुलाखतींची. भरपाई न मिळालेल्या दोन मजुरांचे चेहरे चित्रपटाला खरोखर लागणार होते का? त्यांचा आवाज आणि नदीची दृश्ये इतके पुरले असते, आणि आवाजाची फाइल इतकी लहान असते की तासाभराचे बोलणे निवासातल्या संथ इंटरनेटवरूनही त्याच रात्री सुरक्षित ठिकाणी पाठवून यंत्रातून काढून टाकता आले असते. आवाजावरून माणूस ओळखू येतो हे खरे, पण चेहऱ्याइतका पटकन नाही. संपादनाच्या वेळी चेहरे झाकू, असे ती समन्वयकाला म्हणाली होती. झाकणे नंतर होते. तोवर उघडे चेहरे डिस्कवर असतात.

पुस्तिका रेकॉर्डिस्टकडे ठेवून, कार्नेच्या यादीत नसलेला एखादा साधा कॅमेरा न्यायला हवा होता, असे अनेक जण सुचवतील. मलाही आधी तेच सुचले. पण त्याने फक्त विसंगती लपली असती. व्हिसाचा भंग तसाच राहिला असता, आणि चौकशी वाढली असती तर दूतावासातला अर्ज काढायला फार वेळ लागला नसता.

तिसरी गोष्ट समन्वयकाच्या स्थानाची आहे. स्वतंत्र पत्रकार आणि चित्रणकारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्था आहेत. १९९३ साली मॉस्कोत मारल्या गेलेल्या एका मुक्त चित्रणकाराच्या नावाने १९९५ मध्ये स्थापन झालेला रोरी पेक ट्रस्ट ही त्यांतली एक. प्रवासापूर्वी धोक्यांचा लेखी अंदाज घेण्याचा आग्रह या क्षेत्रात आता रुळलेला आहे. तिच्याकडेही असा एक तक्ता होता. त्यात माणसांच्या रकान्यात दोन नावे होती. तिसरे नाव घातले असते तर प्रत्येक ओळीपुढे वेगळे उत्तर आले असते : परत पाठवले गेल्यास दिग्दर्शिका घरी जाईल, समन्वयक कुठे जाईल? विचारणा झाल्यास दोघांनी काय सांगायचे, खुशालीचा निरोप चुकल्यास कोणी कोणाला काय लिहायचे, फोनवरचे संदेश कुलूपबंद पडद्यावर दिसू द्यायचे का, काम बंद पडल्यास त्याच्या हंगामाची भरपाई किती, हे सगळे त्या एका नावातून ओघाने आले असते.

सद्यस्थिती

समन्वयकाचा परवाना पुन्हा सुरू झाला आहे. तो पर्यटकांना घेऊन जातो, चित्रीकरणाची कामे घेत नाही. श्रेयनामावलीत आपले नाव नको असे त्याने कळवले होते. ते घातलेले नाही.

दिग्दर्शिकेने वरच्या देशाच्या माध्यम-व्हिसासाठी नव्याने अर्ज केला आहे. अर्जात एक प्रश्न असतो की आपल्याला यापूर्वी कोणत्या देशाने बाहेर जाण्यास सांगितले आहे का. तिने होय असे लिहून सोबत दोन पानांचे निवेदन जोडले आहे. निवेदनात समन्वयकाचा उल्लेख करायचा की नाही, हे तिने या वेळी अर्ज देण्यापूर्वी त्याला विचारले. त्याचे उत्तर यायला अकरा दिवस लागले आणि ती तोवर थांबली.